फौजेतून आलात आणि आता आमदारकीला उभं राहायचंय? मग आधी हे वाचा

राम राम मंडळी. आपल्याकडे खान्देशात गावातला कोणीही फौजी पेन्शनवर आला, मग तो शिपाई असो का सुभेदार, त्याला सगळे मेजरच म्हणतात. पारावर गेला की चहा मिळतो, लग्नात पहिल्या पंगतीला बसवतात, १५ ऑगस्टला शाळेत झेंड्याजवळ उभं करतात, आणि दोन-तीन वर्षं हे असं चाललं की मेजरच्या डोक्यात हळूच येतं की आपण आमदारकीला उभं राहिलो तर हे सगळे आपल्यालाच मत देतील. नाही देत भाऊ. सलाम वेगळा आणि मत वेगळं.

मी हे कोणत्या तोंडाने सांगतोय ते पण सांगतो. मी फौजेत हवालदार क्लर्क होतो, म्हणजे आयुष्य कागदात गेलं. २०२४ ला आमचे एक सुभेदारसाहेब गिरणाकाठच्या एका मतदारसंघातून अपक्ष उभे राहिले, त्यांचे सगळे कागद मी केले. डिपॉझिट गेलं. पण एक पण कागद छाननीत उडाला नाही, हे मी अजून कॉलर ताठ करून सांगतो. त्या वेळी जे शिकलो ते नवीन माणसासाठी लिहून ठेवतोय. पुढची विधानसभा २०२९ च्या आसपास, म्हणजे घाई नाही असं वाटेल, पण खरं काम आत्ताच सुरू होतं.

आधी नकाशा बघा

महाराष्ट्रात २८८ जागा, आणि त्यांची नंबरवारी सुरूच आपल्याकडून होते. १ नंबर अक्कलकुवा आणि २० नंबर मुक्ताईनगर, हे सगळे वीस खान्देशातले. नंदुरबार जिल्ह्यात ४, धुळ्यात ५, जळगावात ११. आता यातल्या नंदुरबारच्या चारही जागा, शिवाय साक्री, शिरपूर आणि चोपडा या अनुसूचित जमातीसाठी राखीव आहेत आणि भुसावळ अनुसूचित जातीसाठी. म्हणजे खुल्या राहिल्या १२. तुम्ही शहाद्यात राहता आणि ओपनमधले आहात तर शहाद्यातून उभं राहता येत नाही, पण शिंदखेड्यातून येतं, कारण कायदा एवढंच म्हणतो की तुमचं नाव राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत पाहिजे आणि वय २५ पूर्ण पाहिजे. फक्त दुसऱ्या मतदारसंघातून उभे राहिलात तर तुमचं नाव जिथल्या यादीत आहे त्या यादीची प्रमाणित प्रत फॉर्मसोबत लावावी लागते.

तालुका म्हणजेच मतदारसंघ असं समजू नका. पूर्वी यावल आणि पारोळा हे वेगळे मतदारसंघ होते, २००८ च्या पुनर्रचनेत ते गेले. पारोळा एरंडोलमध्ये आलं आणि यावल तालुका रावेर-चोपड्यात वाटला गेला. आणि २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने महिलांसाठी एक तृतीयांश जागांचं ठरलंय, ते जनगणना आणि नवीन पुनर्रचनेशी जोडलेलं आहे, म्हणून सीमा आणि आरक्षण दोन्हीवर डोळा ठेवा. पाच वर्षं एका जागी मेहनत केली आणि ऐनवेळी जागाच बदलली असं नको. तसं झालं तर वहिनींना उभं करू म्हणणारे पण भेटतील, तो वेगळा विषय आहे.

मतदार यादी, इथेच पहिला फटका बसतो

नोकरीत असताना आपण सर्व्हिस व्होटर असतो. गावाच्या यादीच्या एकदम शेवटच्या भागात आपलं नाव असतं आणि मतपत्रिका युनिटला ऑनलाइन येते, प्रिंट काढून भरून पोस्टाने पाठवायची. पेन्शनवर आल्यावर ते नाव तिथून काढून साध्या यादीत घ्यावं लागतं, त्यासाठी नमुना ६ भरायचा. आमच्या साहेबांनी घरी येऊन तीन वर्षं झाली तरी हे केलंच नव्हतं. मी सहज यादी उघडली तर साहेब सर्व्हिसच्या भागात, आणि बाईसाहेब माहेरच्या गावच्या यादीत! निवडणूक जवळ आल्यावर हे कळलं असतं तर रडायची वेळ आली असती, कारण नाव नोंदवायचा अर्ज उमेदवारीचा फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी गेला पाहिजे, आणि अर्ज केला म्हणजे लगेच नाव आलं असं पण नसतं.

तर आजच यादी बघा. नावाचं स्पेलिंग आधारवर, पीपीओवर म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, सातबाऱ्यावर आणि यादीत सारखंच आहे का तेपण बघा. फौजेच्या रेकॉर्डमध्ये भरतीच्या वेळी क्लर्कने जे लिहिलं ते जन्माला पुरतं, आमची जमात आहे ती, मला माहितीय.

नोकरी, पेन्शन आणि दुसरी नोकरी

अजून वर्दीत असाल तर विषयच संपला. उभं राहणं सोडा, पक्षाचं मेंबर व्हायचं नाही, सुट्टीवर गावी आला तरी सभेच्या स्टेजवर जायचं नाही, मोबाइलवर नेत्याचा प्रचार पण नाही. डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, पुन्हा भरती झालेले पण वर्दीतच धरायचे.

पेन्शन घेतल्याने काही अडत नाही. अडतं ते दुसऱ्या नोकरीने. आपले निम्मे लोक घरी आल्यावर बँकेत गनमन, कोणी माजी सैनिक कोट्यातून तलाठी, कोणी पोलिसात, कोणी पोलीस पाटील. सरकारी लाभाचं पद असलं की उमेदवारी जाते. म्हणून राजीनामा आधी द्यायचा, आणि नुसता देऊन चालत नाही, मंजूर झाल्याचं पत्र हातात पाहिजे. हे पत्र यायला ऑफिसं किती दिवस लावतात ते तुम्हाला सांगायला नको. सरकारी कामाचा ठेका तुमच्या नावावर चालू असेल तर त्याचीपण अडचण होते, वकिलाला दाखवा.

आणखी एक, नाजूक आहे पण बोलावं लागतं. कोणाला बडतर्फ केलं असेल आणि त्याला पाच वर्षं झाली नसतील, तर ती बडतर्फी भ्रष्टाचार किंवा देशद्रोहासाठी नव्हती असं निवडणूक आयोगाचं प्रमाणपत्र फॉर्मसोबतच लागतं. २०१९ ला बीएसएफचा तेज बहादुर यादव वाराणसीत उभा राहिला होता, त्याचा फॉर्म याच कागदावरून उडाला आणि २०२० ला सुप्रीम कोर्टातही त्याचं काही चाललं नाही. आपण सरळ पेन्शनवर आलेले असलो तर हे लागत नाही. तरी डिस्चार्ज बुक फाइलीत ठेवायचंच.

पक्ष का अपक्ष

यावर मी फार बोलणार नाही, ज्याचं त्याने बघावं. एवढंच सांगतो की मान्यताप्राप्त पक्षाचं तिकीट असेल तर एक सूचक, म्हणजे तुमचं नाव सुचवून सही करणारा मतदार, पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा लागतात. पक्षाचे ए आणि बी फॉर्म, म्हणजे पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण ते सांगणारे कागद, उमेदवारी भरायच्या शेवटच्या दिवशी तीन वाजेच्या आत पोचले पाहिजेत, आणि तिकीट आपल्याला आहे म्हणून फटाके आणून ठेवलेले कितीतरी लोक पावणेतीनला नुसते मोबाइलकडे बघत बसलेले मी पाहिलेत.

अपक्षाला चिन्ह मुक्त यादीतून मिळतं, तीन पसंती लिहायच्या. दोघांनी एकच मागितलं तर चिठ्ठी. २०२४ चं गणित बघा, माघारीची तारीख ४ नोव्हेंबर, त्यानंतर चिन्ह, मतदान २० ला आणि प्रचार १८ ला संध्याकाळी बंद. म्हणजे तुमचं चिन्ह काय आहे ते तीनशेवर बूथच्या गावांत पोचवायला मोजून दोन आठवडे. पक्षवाल्याचं चिन्ह लोकांच्या आजोबांपासून पाठ असतं. हे डोक्यात ठेवून ठरवा. मिक्सर, शिट्टी, कपाट असली घरातली वस्तू मागा, जी म्हातारीलाही एका शब्दात सांगता येते.

कागदपत्रं. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

फौजीचा खरा फायदा इथे आहे, आपल्याला चेकलिस्टची सवय असते.

नामनिर्देशन पत्र नमुना २ब, आणि त्यासोबत शपथपत्र नमुना २६. एका मतदारसंघात चार सेट भरता येतात, अपक्षाने चारही भरावेत असं माझं मत आहे, आणि चारही सेटला दहा-दहा सूचक वेगवेगळे घ्या. कारण दहातला एक जरी चुकीचा निघाला, म्हणजे त्याचा यादीभाग क्रमांक चुकला किंवा नाव शेजारच्या मतदारसंघात निघालं, तर नऊ उरतात आणि नऊवर फॉर्म उडतो. सूचक अंगठेबहाद्दर असेल तर त्याने अंगठा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर लावायचा असतो, घरी लावून आणलेला चालत नाही. आमच्या दहात दोन म्हातारे होते, साहेबांचे जुने शेजारी, त्यांना मुद्दाम बदलून सही करणारे घेतले, ते थोडे रुसले पण.

आता शपथपत्र. यात एक पण रकाना कोरा सोडायचा नाही. काही नसेल तर निरंक लिहा, लागू नसेल तर लागू नाही लिहा, पण लिहा. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच सांगून टाकलंय की कोरे रकाने सोडलेलं शपथपत्र सूचना देऊनही दुरुस्त केलं नाही तर फॉर्म नाकारता येतो. स्वतःचं, बायकोचं आणि अवलंबून असलेल्यांचं सगळं द्यायचं. पॅन, मागच्या पाच वर्षांची रिटर्नं, बँका, एफडी, पेन्शनवर आल्यावर मिळालेले एएफपीपी फंडाचे (फौजेचा पीएफ) आणि कम्युटेशनचे (पेन्शनचा एकरकमी घेतलेला भाग) पैसे कुठे टाकले ते, सोनं, ट्रॅक्टर, पीककर्ज, सोशल मीडियाचे अकाउंट. जमीन वडिलांच्या नावावर आणि भावांचा हिस्सा झालेला नाही अशी परिस्थिती आपल्याकडे घरोघरी आहे, तेव्हा सातबारा आणि आठ-अ ताजे काढून वकिलाकडून तो हिस्सा नीट लिहून घ्या.

गुन्ह्यांचा रकाना. आम्ही तर साधे फौजी, आमच्यावर कसला गुन्हा, असं साहेब म्हणाले होते. मग आठवलं की कापसाच्या भावासाठी रास्ता रोको झाला होता आणि पोलिसांनी सगळ्यांची नावं लिहून घेतली होती. पोलीस स्टेशनला जाऊन रीतसर माहिती काढा. केस चालू असेल तर ती लपवायची नाही, आणि प्रचाराच्या काळात पेपरमध्ये आणि टीव्हीवर तीन वेळा जाहीर करायची असते. त्या जाहिरातीचा खर्च तुमचाच.

आणि आता तो मुद्दा जो आपल्याला हमखास लागतो आणि कोणी सांगत नाही. मागच्या दहा वर्षांत सरकारी घरात राहिले असाल तर भाडं, वीज, पाणी, टेलिफोन याची काही बाकी नाही असं दाखवावं लागतं, त्याचा नो ड्यूज दाखला लागतो. आता सांगा, फॅमिली क्वार्टरमध्ये आपण सगळेच राहिलोय. साहेब शेवटच्या पोस्टिंगला क्वार्टरमध्ये होते आणि ते स्टेशन इथून हजारावर किलोमीटर लांब. मी फोन केले, मेल केले, शेवटी तिथे असलेल्या एका ओळखीच्या पोराला ऑफिसात बसवून दाखला काढला, यात दीड महिना गेला. तुम्ही पेन्शनवर यायच्या वेळीच तो कागद घेऊन ठेवा. राजकारणात नाही गेलात तरी काय बिघडतं, एक कागद जास्त.

डिपॉझिट १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. रोख किंवा ट्रेझरी चलनाने, चेक चालत नाही. चारही सेटला मिळून डिपॉझिट एकदाच.

फोटो आणि वर्दी

ईव्हीएमवर उमेदवाराचा फोटो असतो. साहेबांनी मला कोणता फोटो दिला असेल? मेडल लावलेला, पीक कॅप घातलेला, एकदम कडक. तो चालत नाही. आयोगाची सूचना स्पष्ट आहे, साधे कपडे, वर्दी नाही, टोपी टाळा, काळा चष्मा टाळा, पार्श्वभूमी पांढरी, फोटो मागच्या तीन महिन्यांतला. साहेब दोन दिवस गप्प होते. मग गावातल्याच फोटोवाल्याकडे पांढरा शर्ट घालून बसले, आणि खरं सांगू, त्या फोटोत ते जास्त आपले वाटत होते.

प्रचारातही हेच. जवानांचे फोटो, लष्करी कार्यक्रमांचे फोटो प्रचारात वापरू नका असं आयोगाने डिसेंबर २०१३ ला पक्षांना कळवलं होतं, आणि मार्च २०१९ मध्ये परत बजावलं की सैन्याच्या कारवायांचा प्रचार पण करायचा नाही. त्यामुळे बॅनरवर रणगाडा, मागे हेलिकॉप्टर, शहीद जवानाचा फोटो, रेजिमेंटचं चिन्ह, हे सगळं डोक्यातून काढून टाका. पोरं हौसेने बनवून स्टेटसला टाकतात, त्यांना आधीच दम द्या. तुम्ही किती वर्षं नोकरी केली, कुठे केली, हे साध्या शब्दांत सांगायला कोणाची हरकत नाही. फक्त हुद्दा खरा सांगा. गावाने लाडाने मेजर म्हटलं म्हणून पत्रकावर मेजर छापू नका, तालुक्यात दुसरेपण फौजी आहेत आणि त्यांना तुमचा हुद्दा माहिती असतो.

लायसन्सची बंदूक असेल तर आचारसंहितेत पोलीस ती जमा करायला सांगतात, सांगितल्यावर वाद न घालता जमा करा आणि पावती घ्या. आणि फौजी कॅन्टीनचा दारूचा कोटा! कार्यकर्ते पहिल्याच मीटिंगला विचारतात, मेजर, कॅन्टीनची व्यवस्था होईल ना? नाही होणार. मतदाराला दारू पाजणं ही लाच आहे, आणि ती कॅन्टीनची निघाली तर कार्डपण जाईल.

फॉर्म भरायचा दिवस

अधिसूचनेपासून सात-आठ दिवस मिळतात, त्यात सुट्ट्या येतात. २०२४ ला २२ ऑक्टोबरला सुरुवात आणि २९ ला शेवट, आणि २९ ला धनतेरस. शेवटच्या दिवसासाठी थांबू नका. वेळ सकाळी ११ ते दुपारी ३. ऑफिसच्या १०० मीटरच्या आत तीनच गाड्या आणि आत उमेदवार धरून पाचच माणसं. डीजे, घोडा, फेटे हे सगळं त्या रेषेच्या बाहेर.

फॉर्म दिल्यावर शपथ घ्यायची असते, ही छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत घेतलेली पाहिजे. लोक फॉर्म देऊन हार घालून घ्यायला बाहेर पळतात आणि शपथ राहून जाते. आपल्याला शपथेचं महत्त्व सांगायला नको, पण ही वेगळी, ती कसम परेडवाली इथे धरत नाहीत. अधिकारी एक चेकलिस्ट देतो, त्यात काय कमी आहे ते लिहिलेलं असतं, ती वाचा. छाननीला स्वतः हजर राहा. आणि तुमच्याच नावाचा दुसरा कोणी उमेदवार अचानक उगवला तर दचकू नका, हे जुनं आहे, नावं सारखी असली की वेगळी ओळख कळेल असं काहीतरी नावाला जोडतात.

पैसा

खर्चाची मर्यादा विधानसभेला ४० लाख, २०२२ पासून. आपल्यासारख्याला एवढे लागतही नाहीत आणि असतही नाहीत. पण हिशोब सगळ्यांना सारखाच. फॉर्म भरायच्या निदान एक दिवस आधी वेगळं बँक खातं उघडायचं, पेन्शनचं खातं वापरू नका, सगळा खर्च त्या नव्या खात्यातून. पूर्ण निवडणुकीत एका माणसाला किंवा दुकानाला रोख दहा हजारांच्या वर द्यायचे नाहीत. फॉर्म भरल्यापासून निकालापर्यंत प्रत्येक दिवसाचा खर्च रजिस्टरमध्ये लिहायचा, त्यात पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. प्रचारात तीनदा तरी ते तपासायला न्यावं लागतं.

जिल्ह्याचं दरपत्रक असतं, चहा किती, खुर्ची किती, मांडव किती, जेवणाचं ताट किती. तुम्ही पाहुण्याच्या मळ्यात कार्यकर्त्यांना फुकटात भरीत-भाकरी खाऊ घातली तरी हिशोबात ते ताट धरलं जातं, आणि तिकडे निवडणूक ऑफिसची टीम व्हिडिओ काढून त्यांच्या रजिस्टरला तुमच्या नावावर लिहीत असते. कार्यकर्त्याचं जेवण खर्च, मतदाराचं जेवण लाच, हा फरक आमच्या भाऊबंदांना समजावताना माझा घसा बसला. वरण-बट्टीचा बेत म्हटलं की अख्खी गल्ली कार्यकर्ता होते. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव पाहिजेच. सोशल मीडियावर पैसे देऊन जाहिरात करायची तर आधी जिल्ह्याच्या समितीकडून मंजुरी. उमेदवाराच्या गाडीत ५० हजारांच्या वर रोकड सापडली तर जप्त होते.

फिरायचं कसं

यावर प्रत्येकजण शहाणपण शिकवेल, मी आमच्या चुका सांगतो.

पहिली चूक, भाषा. साहेबांची वीस-पंचवीस वर्षं हिंदीत गेली, बोलताना 'देखो' आणि 'ऐसा है' यायचं. एका गावात म्हातारी म्हणाली, हा बाहेरचा आहे का? मग त्यांनी अहिराणी धरली, 'मी तुमनाच पोऱ्या शे' म्हटलं की लोक हसायचे आणि जवळ यायचे. पण अहिराणी अमळनेर, धुळे, चाळीसगावकडे ठीक, रावेर-यावलला लेवा बोली, जामनेरकडे तावडी, सातपुड्यात पावरी आणि भिली. येत नसेल तर उगाच तोडून-मोडून बोलू नका.

दुसरी चूक, हुकूम. फौजेत सांगितलं की होतं. इथे कार्यकर्ता सकाळी सातला येतो म्हणतो आणि दहाला येतो, आणि तुम्ही त्याला फॉलिनच्या, म्हणजे परेडच्या हुकमाच्या, भाषेत बोललात तर संध्याकाळी तो दुसऱ्याच्या गाडीत दिसतो.

तिसरी, वेळ. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे कापूस वेचणी. दिवसा गावात कोण भेटणार? आम्ही पहिले चार दिवस दुपारी फिरलो आणि कुत्री मोजून आलो. सकाळी मजूर शेतात निघायच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर जा, भोंगा मात्र रात्री दहाला बंद. दिवाळी झाली की तांड्यांवरचे ऊसतोडीला जातात आणि नंदुरबार-साक्रीकडचे कितीतरी लोक गुजरातमध्ये कामाला, ती मतं मतदानाला गावात नसतात. आणि त्यांना आणायला तुम्ही फुकट गाडी पाठवली तर तो भ्रष्ट आचार होतो, निवडणूकच रद्द होऊ शकते. दिवाळीच्या आधीच त्यांच्याकडे जाऊन बोला, बाकी त्यांच्या हातात.

आणि मुद्दे. सीमेवरच्या गोष्टी पहिल्या पाच मिनिटांनंतर कोणी ऐकत नाही. केळीवाल्याला विमा पाहिजे, कापूसवाल्याला भाव, अमळनेरला पाडळसे धरण कधी होणार ते, गिरणाकाठी नार-पार नदीजोडचं पाणी. याची माहिती नसेल तर उत्तर देऊ नका, वहीत लिहून घ्या. जे माजी सैनिक खरंच लोकांना आवडतात ते आधी दोन-चार वर्षं तहसीलच्या पायऱ्या झिजवलेले असतात. कोणा वीरपत्नीची अडकलेली पेन्शन, कोणाचं पेन्शनच्या स्पर्श पोर्टलचं लॉगिन, कोणाचा रस्ता, कोणाचं रेशन कार्ड. आमच्या साहेबांनी हे काम फॉर्म भरायच्या चार महिने आधी सुरू केलं. लोकांना ते कळतं हो.

माजी सैनिकांची मतं मोजत बसू नका, तालुक्यातले सगळे फौजी घरच्यांसकट धरले तरी डिपॉझिट वाचत नाही, आणि त्यांच्यातही जात, भाऊबंदकी, पक्ष सगळं असतं.

बूथ

हरलो ते इथे. एका मतदारसंघात तीनशेच्या वर बूथ. प्रत्येक बूथवर एक एजंट पाहिजे, नमुना १० वर तुमची किंवा इलेक्शन एजंटची सही, शक्यतो त्याच बूथचा मतदार. मतदान सुरू व्हायच्या ९० मिनिटं आधी मॉक पोल, म्हणजे मशीन तपासायचं चाचणी मतदान, असतो, म्हणजे सातला मतदान तर साडेपाचला एजंट हजर. आमच्याकडे निम्म्या बूथवर माणूसच नव्हता.

ज्यांच्याकडे भरतीची तयारी करणारी पोरं येतात, म्हणजे तुम्ही सकाळी मैदानावर फुकट रनिंग घेता, त्यांच्याकडे सोनं आहे. ही पोरं साडेपाचला उठलेली असतात, दिवसभर खुर्ची सोडत नाहीत आणि सांगितलेला फॉर्म भरून आणतात. फक्त १८ च्या खालचं पोरगं कुठेच वापरू नका. त्यांना एकच गोष्ट दहा वेळा शिकवा, मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाकडून नमुना १७क ची प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही. त्यात त्या मशीनवर किती मतं पडली ते असतं, मोजणीच्या दिवशी टेबलवर तोच आकडा मिळवून बघायचा. मशीनचे नंबरपण लिहून घ्यायचे.

मोजणी आणि नंतरचं

मोजणीला सकाळी आठला सुरुवात, आधी टपाली मतं, त्यात आपल्या नोकरीवाल्या पोरांची पण असतात, ती आठच्या आधी पोचलेली पाहिजेत. टेबलागणिक एक मोजणी प्रतिनिधी, नमुना १८, हे अर्ज आधीच द्या.

डिपॉझिट वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त लागतात. दोन लाख वैध मतं पडली तर ३३,३३४. साहेबांना चौथ्या-पाचव्या फेरीतच समजलं. ते बाहेर येऊन म्हणाले, चल चहा पिऊ, आणि आम्ही मोजणी केंद्राच्या बाहेरच्या टपरीवर बसलो, आतून गुलालाचा आवाज येत होता. त्या चहाचे पैसे पण मी रजिस्टरला लिहिले, निकालाचा दिवसही खर्चाच्या हिशोबात धरतात म्हणून.

हरल्यावर लोक जे विसरतात ते म्हणजे हिशोब. निकालापासून ३० दिवसांच्या आत संपूर्ण खर्चाचा हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा, जिंकला त्यालाही आणि डिपॉझिट गेलं त्यालाही. नाही दिला तर तीन वर्षं उभं राहायला बंदी येऊ शकते, म्हणजे मध्ये झेडपी लागली तर तिथेही उभं राहता येणार नाही. बिलं तारखेप्रमाणे लावा, बँकेचं स्टेटमेंट जोडा, सह्या करा, दोन झेरॉक्स काढा. आम्ही अठराव्या दिवशी दिला. टेबलवरचे बाबू म्हणाले ठेवून जा, पोच नंतर घ्या. नाही म्हटलं, बसतो इथेच. दीड तास बसलो. शिक्का मारलेली पोच घेतली आणि ती साहेबांच्या डिस्चार्ज बुकाच्याच पिशवीत टाकली.